पुसलेलं गोंदण

फोन तापला की त्याला एक वास येतो; किंचित करपट, कपड्यावर विसरलेल्या इस्त्रीचा असतो तसा. माझ्या जुन्या फोनला तो रविवारी दुपारी हमखास यायचा. शांती नगरातल्या आमच्या घरात त्या वेळी माघातलं पांढुरकं ऊन गजांमधून फरशीवर उतरलेलं असायचं, खालच्या मजल्यावरून कुणाच्या तरी मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचा दरवळ वर चढत असायचा, आणि टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला तो फोन पुण्याच्या माणसांचे चेहरे दाखवता दाखवता धापा टाकायचा. पुण्याची माणसं म्हणजे केतकीची, माझ्या मुलीची, होणारी सासरची माणसं. लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि तोवर ओळख वाढावी म्हणून दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा हा विहीणबाईंचा प्रेमळ दंडक होता. ऐन बोलण्यात त्यांचा चेहरा गोठायचा, उघडं तोंड उघडंच राहायचं, आणि आवाज मात्र पुढे निघून जायचा.

केतकी वैतागायची. "आई, दर वेळी हँग होतोय हा! घे ना आता नवीन."

मी घेत नव्हते. चालती वस्तू केवळ तिची पुढची आवृत्ती निघाली म्हणून टाकून द्यायची, कालच्याला आज म्हातारं ठरवायचं, या बाजारी रीतीचा मला मनस्वी तिटकारा आहे, आणि खरं सांगायचं तर त्या तिटकाऱ्याचा थोडा अभिमानही होता. मी कॉलेजात शिकवते; वर्गात मुलांसमोर मी तो जुना फोन मुद्दाम टेबलावर ठेवायची.

या कॉलमध्ये माझी आय कधीच दिसायची नाही. ती नवघरला माझ्या भावाकडे राहते आणि रविवारी जेवायला माझ्याकडे येते. फोन वाजला रे वाजला की ती खुर्ची उचलून फ्रिजच्या आडोशाला जायची आणि तिथून, आपण दिसणार नाही अशा बेताने, नातीच्या सासूचं बोलणं मन लावून ऐकायची. विहीणबाई न चुकता विचारायच्या, "आजी कुठं आहेत?" मी म्हणायची, लाजतात. मला वाटायचं, हा भाषेचा संकोच. जन्मभर मिठागरात आणि भातशेतीत राबलेली आगरी बाई, तिचं "हाय-न्हाय" पुण्याच्या शुद्ध बोलण्यापुढे बिचकत असेल. किती सोयीचं असतं आपलं वाटणं!

आयच्या भुवयांच्या मधोमध हिरव्या गोंदणाची एक उभी रेघ आहे, तिच्या दोन्ही अंगांना ठिपके, आणि हनुवटीवर आणखी एक एकटाच ठिपका. मेल्यावर दागदागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं अंगासोबत येतं, असा तिच्या काळच्या बायकांचा विश्वास होता. लहानपणी मी तिच्यामागून मिठागरात जायची. वैशाखातलं ऊन मिठाच्या पांढऱ्या राशींवरून उलटून डोळ्यांत शिरायचं, खाऱ्या पाण्याचा कुबट, ओला वास नाकात बसायचा, आणि मिठाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून येणाऱ्या काळ्यासावळ्या बायकांत मी आयला त्या रेघेवरून ओळखायची, कारण घामाने चेहरा निथळला की ती अधिकच गडद व्हायची. अप्पा, माझे वडील, गेले तेव्हा नातेवाईक बायकांनी आयचं कुंकू पुसलं. गोंदण कुणाला पुसता आलं नाही. त्या दिवसापासून तिच्या कपाळावर तेवढं एकच लेणं उरलं, आणि मला ते जगातल्या कुठल्याही दागिन्याहून देखणं वाटत आलं. मला वाटत आलं. तिला काय वाटतं, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

अखेर एका रविवारी जुन्या फोनने कॉलच्या मध्यावर मान टाकली, आणि त्याच संध्याकाळी केतकीने मला आणि आयला जवळच्या दुकानात ओढून नेलं. काचेच्या कपाटांतून पांढरा उजेड नुसता ओसंडत होता. काउंटरवरच्या मुलीने नवा फोन हातात घेतला आणि नमुना म्हणून समोर बसलेल्या आयचाच फोटो काढला. केतकी ओरडली, "आजी! कसली भारी दिसतेयस!"

मी फोटो पाहिला. आयच होती ती. पण उजळ, गुळगुळीत, गालांवरच्या सुरकुत्या विरघळलेल्या. आणि कपाळ कोरं. रेघ नाही, ठिपके नाहीत, हनुवटीवर काही नाही.

"इनका गोंदण किधर गया?" मी विचारलं.

"मॅडम, ये कॅमेरा दाग-धब्बे अपने आप निकाल देता है," मुलगी कौतुकाने म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. दाग! ज्याला काळ पुसू शकला नाही, वैधव्य पुसू शकलं नाही, ते या दीडदमडीच्या हुशारीने डोळ्याचं पातं लवायच्या आत निकालात काढलं होतं. मी पर्स उचलली. चला, म्हणाले, आपल्याला नको असला फोन. पण आय उठली नाही. तिने तो फोन दोन्ही हातांत घेतला, पदराने काच पुसली, जवळ धरला, लांब धरला, आणि पाहतच राहिली. तिच्या तोंडावर जे उमटलं ते मी अप्पांच्या हयातीतही क्वचित पाहिलं असेल.

"योच घे," ती म्हणाली.

घेतला. रिक्षाने परत निघालो. रस्त्यावर धूळ होती, कुठेतरी कचरा जळत होता, आणि माझ्या मनात अपमान धुमसत होता. कुणाचा, ते नीट सांगता आलं नसतं. आयच आपणहून बोलू लागली, बाहेर बघत. "गोंदताना मना धरून बसवलेली तवा. मी केवरी रडलेली! कुनी विचारलं न्हाय, पोरी, तुना पायजे का." मग म्हणाली, "तुज्या बिल्डिंगीन येक बाय मना लिफ्टमदी बोल्ली, कंच्या घरान कामाला हाय? मी तुजा घर दावला."

"आय! मी त्या घरच्या बायची आय हाय, असं का नाही सांगितलंस?"

"कशाला? मंग तुजी मान खाली गेली असती."

केतकी रडू लागली. मला रडू आलं नाही. मला नुसती चीड आली. त्या शेजारणीची, त्या कॅमेऱ्याची आणि आयचीही. मिठाने तळपाय फाटले तरी जी वाकली नाही, तिने लिफ्टमध्ये माझ्या प्रतिष्ठेसाठी माझी मोलकरीण व्हावं? आणि मी बापडी वर्गात मुलांना लोकसंस्कृतीच्या खुणांवर भरभरून सांगत राहावं!

पुढच्या रविवारी आय खुर्ची घेऊन टेबलाशी आली. मधोमध बसली. व्हिडिओ कॉलमध्येही त्या फोनची ती सफाई सुरूच होती. पडद्यावर तिचं कपाळ चकचकीत, कोरं. विहीणबाई खूश झाल्या. आय बोलली, अगदी मोकळेपणाने, तिच्या भाषेत. वालाच्या शेंगांबद्दल, मडक्यात भाजायच्या पोपटीबद्दल, केतकीच्या लहानपणीच्या खोड्यांबद्दल. पुण्याची माणसं पोट धरून हसली. म्हणजे भाषेचा संकोच नव्हताच कधी. मी तिच्या शेजारी बसून एकदा तिच्या खऱ्या तोंडाकडे बघे, एकदा पडद्याकडे. तिचं सुख खरं होतं आणि ते ज्याच्यावर उभं होतं ते खोटं होतं. असे बरेच रविवार गेले. आय आता येताना ठेवणीतलं लुगडं नेसून येई.

लग्नाची खरेदी घरी मांडून बसलो तेव्हा मी आयसाठी घेतलेली गर्द जांभळी पैठणी उलगडली. तिने पदरावरून हात फिरवला, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवली.

"मना नको. मी घरीच बसून मोबाईलान लगीन बगीन."

"आजी, वेडी आहेस का तू?" केतकी म्हणाली. "तू नाही आलीस तर मी उभीच राहणार नाही बोहल्यावर."

आय शांत होती. तिने तो विचार बहुधा केव्हाच करून ठेवला होता. "त्यांनी माजं कपाल कोरं बगलंय," ती म्हणाली. "आता यो घेऊन कशी जाव? बोलतील, म्हातारीन फसवलं."

तिला रिक्षात बसवून केतकी वर आली आणि फोन घेऊन माझ्याजवळ बसली. सेटिंगमध्ये शिरून तिने मला एक लहानशी पट्टी दाखवली. बोटाने डावीकडे सरकवली की ती सफाई बंद. "येत्या रविवारी बंद करून टाकूया ना, आई. आजीला सांगायचंच नाही. ते बघतील एकदा, कुणाला काही वाटणार पण नाही, आणि विषय संपेल." तिचं म्हणणं खरं होतं. भली माणसं आहेत ती. फार तर विहीणबाई गोंदणाचं कौतुक करतील, आमच्या आजीलाही होतं म्हणतील.

खिडकीबाहेर समोरच्या इमारतीतले दिवे एकेक करून लागत होते. मी ती पट्टी बोटाने डावीकडे सरकवली, आणि पुन्हा उजवीकडे. व्हिडिओ कॉलमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात आपल्याला आपलाही चेहरा दिसत असतो. पुण्याची माणसं आयचं कपाळ पाहतील, त्याच्या आधी ते आय पाहील.