एका टेबलामागे पाच फायली

बाविसाव्या दिवशी मी ऑफिसला गेले. डॉक्टरांनी दीड महिना घरी राहायला सांगितलं होतं, पण घरी बसून करायचं काय? सासूबाई स्वयंपाक करायच्या. नवरा तळोज्याला कारखान्यात जायचा. मी पलंगावर बसून खिडकीच्या जाळीकडे बघायची. माझ्या पोटात सात महिने वाढलेलं मूल गेलं होतं आणि घरात सगळे त्याला ‘जे झालं ते’ म्हणायचे. जे झालं ते झालं, आता स्वतःला जप. मी हो म्हणायची.

ऑफिस पनवेलला एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर होतं, चादरी-पडद्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही सात जण होतो. मी गेले तेव्हा सगळे एकदम कामाला लागले. सर केबिनमधून बाहेर आले, म्हणाले, “बरं आहे ना? घाई करू नका, झेपेल तेवढंच करा.” मी म्हटलं, “बरं आहे.” तो विषय तिथेच संपला. पुढे महिनाभर कुणी काही विचारलं नाही. त्यांनी आपसांत तसं ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं. मला ते सोयीचंच होतं.

पळस्प्याजवळच्या एका कंटेनर यार्डासाठी आम्ही जावा या संगणकाच्या भाषेत सॉफ्टवेअर लिहीत होतो. कोणता ट्रेलर कधी आला, कोणता कंटेनर कुठल्या रांगेत ठेवला, कुणी सही केली, ही सगळी माहिती ठेवायची. माहितीच्या प्रत्येक प्रकारासाठी एक टेबल, म्हणजे रकान्यांचा तक्ता. कंटेनरचं एक, ड्रायव्हरचं एक, क्रेनचं एक, अशी एकशे बारा टेबलं. आणि एका टेबलामागे पाच फायली हाताने लिहायच्या. पहिलीत टेबलातल्या रकान्यांची नावं, मग प्रत्येक रकान्यातलं मूल्य घ्यायला चार ओळी आणि भरायला चार ओळी. दुसरी फाइल माहिती डेटाबेसात नेणारी, तिसरी तिला काम सांगणारी, अशा पाच. एकशे बारांमध्ये फरक फक्त नावांचा.

हे काम कुणाला नको असायचं. मी ते मागून घेतलं. सकाळी साडेनऊला सुरू करायची, एक टेबल संपलं की दुसरं उघडायची. ट्रेलर नंबर घ्या, ट्रेलर नंबर भरा. वजन घ्या, वजन भरा. बोटं चालायची आणि डोकं कुठेच नसायचं. जेवायच्या सुट्टीत डबा उघडायची, संपवायची, काय खाल्लं ते आठवायचं नाही. संध्याकाळी रिक्षानं नवीन पनवेलला घरी. रोज तीन टेबलं व्हायची, एखाद्या दिवशी चार. तेवढाच त्या दिवसांचा हिशेब माझ्यापाशी आहे. दुसरं काही सांगता येत नाही, कारण दुसरं काही मनात उमटतच नव्हतं.

एकेचाळीस टेबलं झाली होती तेव्हा सरांनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या मशीनपाशी बोलावलं. त्यांच्या पुण्याच्या मित्रानं त्यांना एक टूल दिलं होतं. सरांनी दोन आठवडे खपून त्याचे साचे आमच्या कामाला बसवून घेतले होते. टूल डेटाबेस वाचायचं आणि फायली स्वतः लिहायचं. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर नावं भराभर वर सरकत गेली. कंटेनर, क्रेन, ड्रायव्हर, गेटपास. चार मिनिटांत थांबली. एकशे बारा टेबलं, पाचशे साठ फायली.

कुणीतरी शिट्टी वाजवली. सर माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, सुटलात तुम्ही!” त्यांना खरंच आनंद झाला होता. मी हसले असावे. माझ्या एकेचाळीस टेबलांच्या फायलीही टूलनं नव्याने लिहिल्या होत्या, माझ्या पुसून. मी एकदोन उघडून पाहिल्या. माझ्यासारख्याच होत्या, उलट नीट. पुसल्याचं वाईट वाटेल म्हणून मी जरा थांबले. वाटलं नाही.

मग जागेवर येऊन मी बेचाळिसावं टेबल उघडलं आणि हाताने लिहायला लागले.

सरांनी मला साचे शिकून घ्यायला सांगितलं होतं. तासाभरात ते व्हायचं. उरलेला वेळ मी माझ्या मशीनवर वेगळा फोल्डर करून त्यात लिहायची. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. त्या फायली कुठेही लागणार नव्हत्या. हे मला माहीत होतं आणि माहीत असण्यानं काही फरक पडत नव्हता. नऊ दिवस मी तसं केलं.

आमच्याकडे टेस्टिंगला एक बाई होत्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. पनवेलच्याच, कोकणी मुसलमान. नवरा गल्फमध्ये. ऑफिसात सगळे त्यांना आपा म्हणायचे. आमच्या लिहिण्यातल्या चुका शोधणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही. दहाव्या दिवशी त्या काहीतरी विचारायला आल्या आणि माझ्या मागेच उभ्या राहिल्या. टूलनं केलेल्या प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ असायची, ही फाइल यंत्राने बनवली आहे, हाताने बदलू नका, अशा अर्थाची. माझ्या पडद्यावरच्या फाइलला ती नव्हती.

“ही टूलची नाही,” आपा म्हणाल्या.

“नाही.”

“मग ही कशाला करतेस गो? ती तर झालीय.”

“माहीत आहे.”

त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, “रडलीस का तू?”

“नाही.”

“एकदा पण नाही?”

“येत नाही, आपा.”

त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “माझा पहिला मुलगा गेला ना, चार महिन्यांचा होता. मी घरातले सगळे तांदूळ निवडले. पोत्यातले. निवडून झाले की परत निवडायला घ्यायची. सासू बोलली, अगं आता त्यात खडा कुठून यायचा? मी बोलले, मला माहीत आहे. असंच, तुझ्यासारखं.”

मी विचारलं, “मग बंद कधी केलंत?”

“मी कुठे बंद केलं? सासूनं पोतं उचलून नणंदेकडे पाठवून दिलं.” असं म्हणून त्या उठल्या आणि थेट सरांच्या केबिनमध्ये गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाल्या, “उद्या यार्डात मी जाणार होते, आता तू जा. मी सांगितलंय सरांना.”

यार्डात जायचं कारण असं होतं की टूल फायली लिहायचं, पण नियम त्याला कळत नव्हते. सील तुटलेला कंटेनर आला तर काय करायचं, हे कुठल्याच टेबलात लिहिलेलं नव्हतं. ते गेटवरच्या माणसांना ठाऊक. त्यांना विचारून आणायचं आणि साच्यात टूलनं मोकळ्या सोडलेल्या जागी हाताने लिहायचं. माणसांना जाऊन विचारायचं म्हणजे बोलायचं आलं. मला जायचं नव्हतं. पण नाही म्हणायलाही जोर लागतो, तो माझ्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सहा सीटर रिक्षानं पळस्पे फाट्यावर उतरले. तिथून यार्डाच्या गेटपर्यंत ट्रेलरची रांग होती, तिच्या कडेकडेनं धुळीतून चालत गेले. गेटच्या केबिनमध्ये साठीला टेकलेले एक क्लार्क होते. नेरे गावाकडचे, घरची शेती मुलाच्या हवाली करून इथे आलेले. त्यांनी मला स्टूल दिलं आणि रजिस्टर उघडून सगळं नीट सांगायला लागले.

“सील तुटलेला आला तर आमी आत घेत नाय. भायेर डाव्या बाजूला लावतो. मंग साहेबाला फोन. साहेब नाय आला तर ट्रेलर तितंच उभा.”

“किती वेळ?”

“साहेब येईस्तोवर. एकदा तीन दिवस उभा व्हता.”

मी लिहून घेत होते. असे वीसेक नियम निघाले. मध्ये चहा आला. ते पेन टोपणात घालत सहज म्हणाले, “लगीन झालंय ना?”

“हो.”

“पोरंबाळं?”

या प्रश्नाला काय म्हणायचं ते मी कधी ठरवलंच नव्हतं. मला विचारणारी सगळी माणसं आधीच गप्प झालेली होती. माझ्या तोंडून निघालं, “एक मुलगी झाली. मेलेलीच झाली. दोन महिने होतील आता.”

मुलगी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. ते हळहळले नाहीत. चहाचा ग्लास खाली ठेवून त्यांनी विचारलं, “कोनासारखी व्हती?”

“माहीत नाही. मी बघितली नाही.”

“दावली नाय तुमाला?”

“नर्सनं विचारलं होतं. सासूबाई नको म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. मग घेऊन गेले.”

“मंग घरधन्याला विचारा. त्यानं बघितली असंल ना, मातीला नेली तवा?”

“असेल.”

“विचारा,” ते म्हणाले. तेवढ्यात बाहेर ट्रेलरनं हॉर्न दिला आणि ते रजिस्टर घेऊन उठले.

संध्याकाळी नवरा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. सासूबाई खाली भाजीला गेल्या होत्या. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, “ती कशी होती दिसायला?”

त्याच्या हातात माझा ओला कुर्ता होता. कोण, असं त्यानं विचारलं नाही. कुर्ता दोरीवर टाकला, चिमटा लावला, तो निसटला, परत लावला.

“कपाळ तुझ्यासारखं होतं,” तो म्हणाला. “केस पुष्कळ. ओले होते. एक कान जरा दुमडलेला होता, डावा. मी सरळ करून बघितला, तो परत दुमडला.”

“आणखी?”

“हातांची बोटं लांब होती.” मग म्हणाला, “तू विचारशील म्हणून मी वाट बघत होतो. नंतर वाटलं, तुला नकोच असेल ते.”

“मला वाटलं, तुला नको असेल.”

त्यानं बादलीतला पुढचा कपडा उचलला. मी दुसरं टोक धरलं. आम्ही चादर पिळली. मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळी नाश्ता करून जी झोपले ती चार वाजता उठले. सासूबाईंनी उठवलं नाही. मला वाटतं, त्यानं त्यांना सांगितलं असावं.

यानंतर मी फार बरी झाले असं नाही. बरेच महिने तशीच होते, नुसतं काम आणि घर. पण ते हाताने लिहिणं सत्तावन्नाव्या टेबलापाशी राहून गेलं. सोमवारी मी यार्डातले नियम लिहायला बसले. ते टूलला जमण्यासारखे नव्हते. एका नियमाला कधी दिवस लागायचा, आणि अडलं की गेटवर फोन करावा लागायचा. महिन्याभरानं सरांनी सगळ्यांची मशीनं आवरायला काढली. माझा फोल्डर उघडून त्यांनी विचारलं, “यात काही कामाचं आहे का?” मी नाही म्हटलं. त्यांनी पुसला.

सॉफ्टवेअर दिवाळीनंतर चालू झालं. पहिल्याच दिवशी गेटवरच्या त्या काकांचा फोन आला. सगळं ठीक हाय, पण अक्षरं लय बारीक, चष्मा लावून पन दिसत नाय. मी जाऊन मोठी करून दिली.