राउहाचा नारिंगी नंबर

राउहा पेल्कोनेनने चिठ्ठी उघडली आणि ती ओरडलीच, "सत्तेचाळीस!"

गोठलेल्या तळ्यावर सगळ्यांनी माना वळवल्या. कुणीतरी टाळी वाजवली.

आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई ती. मागच्या बाकावरची पोरं तिला चिडवायची, "राउहाबाई, तो ट्रॅक्टर पुढे गेला बघा!" ती म्हणायची, "जाऊ दे बिचाऱ्याला, त्याला घाई असेल." निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने एक गंजकी गाडी आणली. तिच्या काचा काढल्या, आत लोखंडी पिंजरा जोडून घेतला. बर्फावरच्या शर्यतीत उतरायचं म्हणाली. गावाला वाटलं, गंमत करते आहे.

यंदा बर्फ उशिरा धरला होता. हिवाळ्यात ही एकच शर्यत होणार होती. गाड्यांचे नंबर सकाळी चिठ्ठ्या टाकून निघायचे आणि तपासणीचा भोंगा वाजेपर्यंत छतावर आणि दोन्ही दारांवर रंगवायचे. नंबर नाही, तर गाडी बर्फावर नाही.

रंगाचे दोन स्प्रेचे डबे रात्रभर गाडीच्या डिकीत पडले होते. त्या थंडीत मिशासुद्धा मोडतील अशी अवस्था.

"ताई, टोपण गोठलंय," तिचा धाकटा भाऊ वेइक्को म्हणाला आणि त्याने खिशातला चाकू काढला.

"चाकू ठेव आधी! डब्याला भोक पडलं तर तुझ्या तोंडाचं काय होईल?"

"सुधारेल," साइमी म्हणाली.

साइमी काठावर कॉफी आणि सॉसेज विकायची. शर्यतीनंतर सगळ्यांना शेकायला मिळावं म्हणून शेजारच्या गावकीच्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टीही तिनेच पेटवली होती.

राउहाने टोपणाच्या कडा दाबल्या, पीळ दिला. टोपण सुटलं. डबा हलवला, पण रंग ढवळणारी आतली गोळी वाजेना. पुठ्ठ्यावर दाबून पाहिलं तर नारिंगी लाळ गळली.

"गोठलाय," ती म्हणाली. "जा, दोन्ही डबे गरम करून आण."

आणि ती दारावर आकडे कापून काढलेला पुठ्ठा चिकटवायला वाकली. कशावर गरम करायचे, ते तिने सांगितलंच नाही.

वेइक्को परतला तेव्हा त्याच्या हातात एकच डबा होता.

"हा कोटात धरून आणला. दुसरा सौनात आहे, भट्टीच्या तापल्या दगडांवर. तो झटकन होईल!"

राउहा ताठ उभी राहिली. मग तिने बसमधला तो आवाज काढला, जो तिला वर्षातून एखाद्या वेळीच लागायचा.

"सौना रिकामा करा! सगळे लाकडांच्या ढिगामागे! आत्ताच्या आत्ता!"

दोन बाप्ये टॉवेल गुंडाळून बाहेर पळत आले. एकाच्या पायात एकच बूट होता.

"मी काढून आणतो," म्हणत वेइक्को निघाला. तिने त्याची कॉलर धरली.

"आत जायचं नाही."

"अगं, आत्ताच तर ठेवलाय!"

"तू दार उघडायला आणि तो फुटायला एकच गाठ पडेल. डबा गेला असं समज. तू राहा."

धडाड्!

खिडकीची काच बर्फावर उडाली. मागोमाग नारिंगी ढग बाहेर आला. टॉवेलवाल्यांनी एकमेकांना मिठी मारली.

आतला आवाज थांबेपर्यंत राउहाने कुणाला हलू दिलं नाही. मग बर्फातल्या भोकातून बादल्या भरून आणल्या आणि धुमसणारं बाकडं विझवलं.

"या सौनात आजवर कुणी आवाज चढवला नाही," साइमी म्हणाली, "आणि या दिवट्याने बॉम्ब लावला!"

"काच मी बसवीन," वेइक्को पुटपुटला.

"आणि भिंती घासशील. जिभेने."

राउहाचं लक्ष भोंग्याकडे होतं. उरला एक डबा. आकडे रंगवायचे तीन जागी.

"साइमी, बादलीभर पाणी दे. कोमट."

वेइक्कोने उकळती किटली उचलली. सगळे एकदम ओरडले, "नको!" त्याने ती गुपचूप खाली ठेवली.

राउहाने हातमोजा काढून पाण्यात हात घातला. हात सुखाने राहिला, तेव्हाच डबा आत सोडला. तो फिरवत राहिली. मग काढला, पुसला, हलवला.

टक्. टक् टक् टक्.

"वाजली!" सिगारेट पेटवत एक टॉवेलवाला ओरडला.

"तू ती सिगारेट घेऊन लांब जा," राउहा त्याला म्हणाली.

तिने तोंडाला फडकं बांधलं, वारा पाठीशी घेतला, डब्याचं तोंड कुणाकडे नाही ना ते पाहिलं. आधी पुठ्ठ्यावर एक फवारा. बारीक, धुक्यासारखा! मग छत. मग एक दार. हात थांबू न देता, पातळ थर. दुसऱ्या दारावर चार झाला, सातची आडवी रेघ झाली, आणि डबा फुसफुसून रिता झाला.

"तळाशी असेल थोडा," वेइक्को म्हणाला. "भोक पाडू?"

राउहाने त्याच्याकडून चाकूच काढून घेतला.

तपासणीस तिआइनेन चष्मा पुसत आला. दारासमोर थांबला.

"हे काय आहे?"

"सात."

"पाय कुठे आहे त्याला?"

भोंगा वाजवणारा माणूस हात उचलून उभा होता. राउहाने इकडेतिकडे पाहिलं. आकड्याच्या पुठ्ठ्यावर उडालेला रंग अजून ओला होता. तिने हातमोजा त्यात खसाखसा चोळला आणि दारावर वरून खाली एकच फटकारा ओढला. जाड, वाकडा, नारिंगी.

"हा घ्या पाय."

तिआइनेन मागे सरला. एक डोळा मिटून त्याने पाहिलं.

"धावेल," तो म्हणाला.

भोंगा वाजला.

राउहा खिडकीतूनच आत शिरली, कारण दार उघडलं असतं तर सात पुसला असता. वेइक्कोने तिचं हेल्मेट घट्ट केलं. "ताई, जपून."

"आज नाही!" ती म्हणाली.

झेंडा पडला. पहिल्याच वळणावर गाडी गरगरली आणि उलट्या तोंडाने उभी राहिली. समोरून पाच जण तिच्याच अंगावर येत होते. राउहा खदखदून हसली, ते बाजूने निघून जाताच गिअर टाकला, गाडी वळवली, चाकं बर्फ उधळत फिरली, आणि सत्तेचाळीस नंबर त्यांच्या पाठी लागला.