खारट अंगणातल्या काकड्या

गाय विकली त्या वर्षी शारापतला एकच गोष्ट सुचेना, साली टाकायच्या कुठे? आटत गेलेल्या अरल समुद्राकाठच्या मुयनाक गावात, एका शाळेच्या खानावळीत तिनं पंचवीस वर्षं स्वयंपाक केला होता. बटाट्याच्या साली, खरबुजाची टरफलं, चहाचा चोथा, सगळं बादलीत आणि बादली गाईपुढे, हा तिचा नेम. गाय गेली, पण बादली भरायची थांबली नाही. शेवटी ती घरामागच्या कोपऱ्यात रिकामी करू लागली. माशा बसू नयेत म्हणून वर थोडी वाळू नि वाळलेलं गवत टाकायची.

शेजारचा पेर्देबाय मासळीच्या कारखान्यातलं काम सुटून केव्हाच घरी बसलेला. त्याला कुंपणाशी उभं राहायला एवढं निमित्त पुरे झालं.

"शारापत, गाय गेली. आता काय भुतांना जेवू घालतेस?"

"तुम्हालाच घातलं असतं, आगा. पण चावायला दात कुठं राहिलेत तुमचे?"

वसंतात त्या ढिगावर खरबुजाचा वेल उगवला. कुणी बी लावलं नव्हतं. शारापत त्याच्याकडे बघतच राहिली. समुद्र हटला तेव्हा ती तरुण होती. आईचा भाजीचा वाफा एका उन्हाळ्यात पांढरा पडलेला तिनं पाहिला होता, आणि तेव्हापासून या अंगणात काटेरी झुडपांशिवाय काही तगलं नव्हतं. वेलाला मुठीएवढं एकच खरबूज लागलं. तिनं ते सुनेबरोबर, इंजिगुलबरोबर, अर्धं अर्धं खाल्लं.

पुढच्या वर्षी तिनं तो सगळा काळा भुसभुशीत ढीग अंगणात पसरला, मातीत कालवला आणि काकडी लावली. रोपं तरारून वर आली, आणि तीन आठवड्यांत पानांच्या कडा जळून गेल्या.

"आपा, खाली मीठच मीठ आहे," इंजिगुल म्हणाली. "पाणी घातलं की ते वर येणारच. खत किती घालणार तुम्ही?"

"मग मातीत लावायचंच कशाला?"

पेर्देबायच्या पडवीत मासळीची जुनी लाकडी खोकी पडून होती. तिनं ती मागितली. त्यानं कुरकुर केली, पण सहा खोकी स्वतः आणून विटांवर मांडून दिली. तळाला बोरूच्या काड्या, वर नुसतं कुजलेलं खत नि थोडी नदीची वाळू. अंगणातल्या मातीचा कणही नाही. या खेपेला शारापत निश्चिंत होती.

पण जून उजाडला आणि पानांच्या कडा पुन्हा पिवळ्या पडल्या.

ती खोक्याजवळ बसून राहिली. मग चिमूटभर खत उचलून तिनं जिभेवर ठेवलं. खारट! खालून मीठ चढायला वाटच नव्हती. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि बादलीत डोकावली. वर लोणच्याच्या पिंपातलं पाणी साचलं होतं, खाली खारवलेल्या माशांची डोकी. डोकी पेर्देबायची. ते खरबूज लागल्यापासून रोज कुंपणावरून तोच द्यायचा, वाया जाऊ नयेत म्हणून.

"इतकी वर्षं मी जमिनीला शिव्या दिल्या," ती सुनेला म्हणाली, "आणि इथं मीठ मीच वाढत होते."

पेर्देबायला कळलं तेव्हा त्याची मान खाली गेली. "मला वाटलं, माशानं जोर येईल."

"आला ना जोर, रोपं आडवीच झाली! डोकी आता कुत्र्याला द्या, आगा."

त्या हिवाळ्यात तिनं खोकी रिकामी केली, खत उतारावर पसरलं आणि बर्फ पडेल तसं दोघी सासूसुना फावड्यानं त्यावर लोटत राहिल्या. बर्फ वितळलं, त्याबरोबर मीठही वाहून गेलं. मार्चमध्ये तिनं पुन्हा चिमूट तोंडात टाकली. नुसत्या मातीची चव लागली.

स्वयंपाकघरात दोन बादल्या झाल्या, एक खारटाची, एक बिनमिठाची. पेर्देबायही आपल्या घरच्या साली आणू लागला, आणि देताना दर वेळी म्हणायचा, "धुऊन आणल्यात हं. हवं तर चाखून बघ."

जुलैत पहिली काकडी उतरली. शारापतनं तिच्या तीन फोडी केल्या. पेर्देबायनं आपली फोड बराच वेळ चघळली आणि सवयीनं विचारलं, "मीठ आहे का गं थोडं?"

इंजिगुलला हसताना ठसका लागला.

यंदा खोकी अकरा झाली आहेत. पलीकडच्या गल्लीतल्या दोघी बायका सकाळी साली घेऊन येतात आणि जाताना टोपलीभर खत नेतात. शारापत आधी त्यांची बादली हुंगते, बोट बुडवून चाखते, मगच आत घेते. कुणी रागावलं तरी तिला फरक पडत नाही. एका खोक्यात तिनं मिरची लावली आहे, रोपं वीतभर झालीत, आणि वाऱ्याच्या बाजूनं आज तिला आडोशाला जुनी चादर बांधायची आहे.