अर्धी खिडकी

शहराच्या इशारा कक्षात तिला सगळे शिंपीण म्हणायचे. सुईदोऱ्याशी तिचा संबंध तुटलेलं बटण लावण्यापुरताच, पण कामच तसं होतं. पूर्वी ऊन, पूर, वादळ आणि हवा यांच्या कचेऱ्या शहराच्या चार टोकांना होत्या आणि लोकांच्या फोनवर एकाच सकाळी चार इशारे येऊन आदळायचे. मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि चौघांना उचलून एका मोठ्या दालनात आणून बसवलं. चार तोंडं एका छताखाली आली म्हणून ती एका सुरात बोलू लागतात असं थोडंच आहे? तेव्हा मधोमध हिचं टेबल मांडलं. प्रत्येकाने आपलं वाक्य द्यायचं, हिने ती वाक्यं शिवून एकच संदेश करायचा आणि तो शहराला पाठवायचा.

तिचा सगळ्यात पक्का वाचक घरातच होता. बाबांचा उभा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेलेला. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी कधी तिकिटाशिवाय एक थांबा पुढे नेलं नव्हतं, आणि त्यावरून त्या घराशी अजून धड बोलणं नाही. आता त्यांची छाती कमजोर झाली होती, चार पावलं चालले की धाप लागायची. बापलेक सगळ्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या दोन खोल्यांत राहायचे. संदेश आला की बाबा चष्मा चढवून तो मोठ्याने वाचायचे आणि लगेच अमलात आणायचे. ‘पाणी पीत राहा’ असं आलं की उठून पाणी प्यायचे. खाली दुकान असलेल्या चष्मेवाल्याला सांगायचे, “सरकार काय सांगेल ते सांगेल, पण हे माझ्या लेकीने लिहिलंय.”

त्या आठवड्यात ऊन नुसतं भाजून काढत होतं. त्यात एका सकाळी शहराच्या कडेला असलेल्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली आणि धूर वस्त्यांवर येऊन बसला. इशारा लाल झाला. लाल इशाऱ्याचा नियम असा की तो उतरेपर्यंत दालनातून कुणी बाहेर पडायचं नाही. मोबाईल बाहेरच्या कपाटात, बोलायचं तर टेबलावरच्या फोनवरून, सगळ्यांच्या देखत.

दुपारी उन्हाच्या टेबलावरून वाक्य आलं, ‘खिडक्या उघड्या ठेवा.’ हवेच्या, म्हणजे आता धुराच्या, टेबलावरून आलं, ‘खिडक्या घट्ट बंद ठेवा.’

तिने कपाळाला हात लावला. “दोघांनी मिळून काहीतरी एक ठरवा ना!”

“बंद खोलीत माणसं शिजतील,” उन्हाच्या बाई म्हणाल्या. “मी माझं वाक्य मागे घेणार नाही.”

“आणि उघड्या खोलीत गुदमरतील, त्याचं काय?” धुराचे साहेब तडकले.

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती.

“मग खोलीच सोडायला सांगू या,” ती म्हणाली. “पत्र्याखालच्यांनी खालच्या मजल्यावर जाऊन बसावं. तिथे थंडही असतं आणि खिडकी लावून घेता येते.”

सगळ्यांनी वादळाच्या टेबलाकडे पाहिलं. ‘खालच्या मजल्यावर जा’ हे वाक्य वादळाच्या टेबलाचं होतं. ज्याचा इशारा त्याचंच वाक्य, आणि वादळाचा इशारा तर नव्हता. वादळाचे काका हात वर करून म्हणाले, “पोरी, बाहेर एक पान हलत नाहीये. मी कोणत्या तोंडाने देऊ?”

शेवटी मोठे साहेब पुढे आले. भांडण मिटवण्यात त्यांचा हातखंडा. “मधला मार्ग काढा,” ते म्हणाले. “लिहा, खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवा.”

दोन्ही टेबलांनी सुटकेचा श्वास सोडला. अर्ध्या खिडकीतून धूर अर्धा येत नाही आणि उकाडा अर्धा जात नाही, हे तिथे कुणाला कळत नव्हतं असं नाही. पण त्या दालनाच्या खिडक्या मुळात उघडणाऱ्या नव्हत्या आणि आत गारवा बरा होता. तिने लिहिलं. तिच्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती, तरी लिहिलं आणि पाठवून दिलं.

लगेच तिने घरी फोन लावला.

“बाबा, खाली जा. चष्मेवाल्यांच्या मागच्या खोलीत बसा.”

“अगं, आत्ताच आला तुझा संदेश.” त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. “अर्धी खिडकी. मोजून अर्धी केलीय, समोरच बसलोय.”

“ते सोडा हो. मी सांगतेय ना, खाली जा!”

“फोनवर तू काळजीपोटी बोलतेस,” बाबा समजुतीने म्हणाले. “लिहितेस तेव्हा विचार करून लिहितेस. मी लिहिलेलं ऐकणार.” आणि खोकत खोकत त्यांनी फोन ठेवला.

तिने दुकानात फोन करून चष्मेवाल्याला वर धाडलं. तो बिचारा हात हलवत परत आला. “हलायला तयार नाहीत. म्हणतात, लेकीचा हुकूम आहे. पण ताई, मला त्यांचा रंग ठीक दिसत नाही.”

आता ती कात्रीत सापडली. जिना उतरून पळत सुटावं तर दाराला पहारा. बोलावं तर बाप ऐकेना, कारण त्याचा तिच्या लिहिण्यावर विश्वास. आणि मग तिने ते केलं. आपल्या एका वस्तीपुरता वादळाचा इशारा उघडला आणि त्याचं तयार वाक्य पाठवून दिलं: ‘जोरदार वारे येत आहेत. पत्र्याखाली राहणाऱ्यांनी ताबडतोब खालच्या मजल्यावर जावं.’

काकांच्या संगणकाच्या पडद्यावर दिवा लागला. त्यांनी तो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. “वारा? आज?” ते हळूच म्हणाले. “येऊ दे बाई. कुणाला नकोय?”

जरा वेळाने दुकानातून फोन आला. बाबा खाली आले होते. त्यांच्यामागे आळीतले सगळे पत्र्याखालचे, वाळत घातलेले कपडे काखोटीला मारून. तिने डोळे मिटून टेबलावर डोकं टेकवलं.

पण मोठ्या साहेबांसमोरही तसाच पडदा होता. “हे वादळ कुठून काढलं?” ते अंगावर आले. “रद्द करा. आत्ताच्या आत्ता. बाकीचं उद्या बोलू.”

रद्द करायचं कामही तिचंच. ‘वादळाचा इशारा मागे घेण्यात येत आहे’ असं तिने लिहिलं खरं, पण हे वाचून बाबा काय करणार हे तिला ठाऊक होतं. पाठवल्या पाठवल्या तिने दुकानात फोन लावला.

“निघालोच वर,” बाबा म्हणाले. “रद्द झालं ना?”

“बाबा, थांबा. वादळ नव्हतंच.” सगळं दालन कान टवकारून होतं, तरी ती बोलली. “मी खोटं लिहिलं. तुम्ही खाली यावं म्हणून. आता वर जाऊ नका, पाया पडते.”

“खोटं लिहिलंस?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले. “बसतो इथेच.” मग विचारलं, “ती अर्धी खिडकी? ती तरी खरी होती ना गं?”

उन्हाच्या बाई आणि धुराचे साहेब आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले. मोठे साहेब समोरच उभे होते.

“नाही, बाबा,” ती म्हणाली.

त्यांनी रिसीव्हर ठेवला, पण तो नीट बसला नसावा. पलीकडे चष्मेवाला विचारत होता, “काय म्हणतेय लेक? जायचं का वर?”

“काही नाही,” बाबांचा दमलेला आवाज आला. “तिलाही माहीत नाही.”