डॉरीनबाई विसरल्या नव्हत्या

बातमी आली तेव्हा मी दुकानात होते. इथे आखातात, नईममधल्या आमच्या फार्मसीत दुपारी एकच्या सुमाराला गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा मी फोन बघते. रॉनचा मेसेज होता. रॉन म्हणजे डॉरीनबाईंचे यजमान. "डॉरीन मंगळवारी सकाळी गेली, झोपेतच. आमच्या मराठी मंडळींना तू कळवशील का?" ॲडलेडमध्ये बसलेल्या माणसाने "आमच्या मराठी मंडळींना" म्हणावं... मला एकदम भरून आलं. मी स्टूल ओढून बसले आणि आमच्या नाटकवाल्यांच्या ग्रुपवर बातमी टाकली. भराभर जोडलेले हात आले. कुणी लिहिलं, फार गोड बाई. कुणी लिहिलं, आपल्यात अगदी मिसळून गेल्या होत्या. आणि मग एकाने लिहिलं, "शेवटी शेवटी विसरायला लागल्या होत्या बिचाऱ्या. आपल्या नाटकात नाही का, मेधावहिनींनी सांभाळून घेतलं." मेधावहिनी म्हणजे मी. त्याखाली सात-आठ जणांचे अंगठे. मी फोन उलटा ठेवला. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण ही एक गोष्ट मी सहा वर्षं दाबून ठेवली होती. डॉरीनबाई त्या दिवशी विसरल्या नव्हत्या. ते मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, आणि आता जाणणारी मी एकटीच उरले.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. मी सांगलीची, चार भावंडांत धाकटी. आमच्या घरात जो आधी बोलेल त्याचंच ऐकलं जायचं. त्यामुळे समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला की माझं तोंड सुरू होतं. दुकानात कुणी "डोकं..." म्हणाला की माझा हात गोळ्यांच्या खणात. डॉरीनबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा साठी उलटलेली ही उंच बाई काउंटरला हात टेकून इंग्रजीत म्हणाली, "मला जरा घशासाठी..." आणि थांबली. मी तीन प्रकारच्या गोळ्या आणि एक सिरप समोर मांडलं. त्यांनी ते सगळं शांतपणे न्याहाळलं आणि म्हणाल्या की घसा उत्तम आहे, उद्या शाळेत मुलांकडून दोन तास कविता म्हणून घ्यायच्या आहेत, त्याआधी काय खाऊ नये एवढंच विचारायचं होतं. त्यांचा आवाज असा, की मागच्या खोलीत खोकी लावणारा आमचा केरळचा सहकारी बाहेर येऊन उभा राहिला. मी ओशाळले. त्या हसल्या, आणि तिथून आमची मैत्री सुरू झाली.

रॉन इथे विमानांच्या देखभालीच्या कामावर होते. सीफमधल्या त्यांच्या फ्लॅटवर मी शनिवारी सकाळी चहाला जायची. बाई ऑस्ट्रेलियात चाळीस वर्षं नटी होत्या हे मला तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळलं, तेही रॉननी सांगितलं म्हणून. भिंतीवर एक फोटो नाही, कपाटात एक ढाल नाही. सतराव्या वर्षी त्या एका फिरत्या नाटक कंपनीत शिरल्या. एका ट्रकमध्ये नेपथ्य, दुसऱ्यात माणसं, आणि मैलोन् मैल लाल माती तुडवत मेंढपाळांच्या गावांत प्रयोग. गावातला हॉल पत्र्याचा, उन्हाळ्यात माश्या इतक्या की बोलताना एखादी तोंडात जायची. मग काय करायचं, असं मी विचारलं. "गिळायची आणि पुढचं वाक्य बोलायचं," त्या म्हणाल्या. एका गावात हॉलला लागून रेल्वेचा रूळ होता. ऐन प्रवेशात मालगाडी यायची, लांबलचक, आणि ती जाईपर्यंत नटांनी तसंच उभं राहायचं. नुसतं उभं नव्हे, त्या माणसाच्या दुःखात किंवा रागात उभं राहायचं, म्हणजे गाडी गेल्यावर प्रेक्षक जिथे होते तिथेच सापडतात. बाई म्हणायच्या की बोलायला त्यांना पुष्कळांनी शिकवलं, थांबायला त्या मालगाडीने शिकवलं.

पुढे तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्या लंडनला गेल्या. लंडनचा शिक्का बसल्याशिवाय आमच्याकडे कुणी नट मानत नाही, असं त्या सांगायच्या, आणि मला आमच्या मंडळातले पुण्याच्या स्पर्धेचं नाव काढताच ताठ होणारे लोक आठवायचे. लंडनमध्ये दोन वर्षं बेकरीत पाव विकून त्या परतल्या. मग मेलबर्नला टीव्ही मालिका. नर्स, शेजारीण, न्यायाधीश, पुन्हा नर्स. एका पोलिसी मालिकेत वेगवेगळ्या वर्षी त्या तीन वेगवेगळ्या बायका होत्या, त्यातल्या दोघींचा खून झाला, आणि प्रेक्षकांतल्या एकालाही ते खटकलं नाही. एका सिनेमात पोस्टातल्या बाईची चार वाक्यं होती, त्यातली तीन कापली गेली. हे सगळं त्या दुसऱ्या कुणाची फजिती सांगावी तसं हसत सांगायच्या. फक्त एका गोष्टीबद्दल बोलताना त्यांची पाठ सरळ व्हायची. चाळीस वर्षांत रंगमंचावर त्यांनी एकदाही प्रॉम्प्ट घेतला नव्हता. "मोठी नटी मी नव्हते, मेधा. पण माझं वाक्य दुसऱ्या कुणाला कधी बोलावं लागलं नाही." तेवढंच त्या स्वतःजवळ मिरवत होत्या.

आमच्याकडे बरोबर उलटा प्रकार. इथली आमची हौशी मंडळी म्हणजे गॅरेजमध्ये फोरमन असलेले मालवणचे सावंत, ड्रायव्हर, बँकवाले, शिफ्टवरून थेट तालमीला येणारे. पाठांतराला वेळ कुणाला? विंगेत प्रॉम्प्टर बसणार आणि दर चौथं वाक्य सोडणार, हे सगळ्यांनी धरलेलंच. अभिनय मला येत नाही आणि गप्प बसवत नाही, म्हणून ते काम कायम माझ्याकडे. शांतता झाली की वाक्य सोड, यात मी इतकी तयार होते की काही जण पाठ करायच्या भानगडीतच पडायचे नाहीत. सावंतांनी लिहिलेल्या एका नाटकात परदेशी विहीणबाई होती. मुलगी गेल्यावर नातीला भेटायला कोकणात आलेली, मोडकं मराठी बोलणारी. विग घालून आमच्यातलीच कुणीतरी उभी राहणार होती, तेवढ्यात मी डॉरीनबाईंचं नाव सुचवलं. अकरा वाक्यं होती. बाई अकरा आठवडे जिदहफ्सच्या हॉलवर शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. प्रत्येक शब्दाचा अर्थ माझ्याकडून काढून घ्यायच्या. "येईन" आणि "येते" यांत मनाचा काय फरक, हे मला जन्मात पहिल्यांदा विचारलं गेलं. त्यांच्या तोंडी चहाला "चाय" बसलं होतं, ते सावंतांनी मुद्दाम तसंच ठेवलं.

पहिल्याच तालमीत त्यांनी मला बाजूला घेतलं होतं. त्यांच्याकडची रीत अशी की नट अडला तर तो स्वतः "लाईन" म्हणतो, मगच वाक्य द्यायचं, नाहीतर प्रॉम्प्टरने तोंड मिटून ठेवायचं. मी मान डोलावली. आणि अकरा आठवडे त्यांनी मला एकदाही "लाईन" म्हटलं नाही.

प्रयोग शुक्रवारी दुपारचा. हॉल भरलेला, मागे लोक उभे. शेवटच्या प्रवेशात विहीणबाई निघते आणि नात विचारते, "आजी, तू परत येशील ना?" नातीच्या कामाला आमच्या ग्रुपमधल्याच एकांची नऊ वर्षांची मुलगी होती. घरी आईला इंग्रजीत उत्तर देणाऱ्या त्या पोरीने हे वाक्य इतकं मनापासून म्हटलं की विंगेत माझे डोळे भरले. त्यावर बाईंचं एकच उत्तर होतं, "येईन." तालमीत त्या ते लगेच म्हणायच्या. त्या दिवशी त्या थांबल्या. पोरीच्या तोंडाकडे बघत राहिल्या... मी स्क्रिप्टवर बोट ठेवलं. अजून गप्प. सावंत समोरच्या विंगेतून हातवारे करायला लागले. माझ्या कानात सगळ्या हॉलची शांतता, आणि मी बोलले, "येईन!" ऐकू गेलं नाही की काय असं वाटून पुन्हा, मोठ्याने, "येईन, येईन!" तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं असणार ते. लोक हसले, प्रेमानेच हसले, कुणीतरी टाळीही वाजवली. बाईंनी एकदा खाली बघितलं, मग म्हणाल्या, "येईन." पडदा पडला.

मेकअपच्या खोलीत मी त्यांच्यासमोर गेले तेव्हा त्यांनी कापसाने चेहरा पुसायला सुरुवात केली होती. आरशातूनच माझ्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "अजून दोन श्वास. तेवढेच हवे होते मला." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती विहीणबाई नातीला खोटं सांगणार होती. परत येणं होणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि खोटं बोलायला माणसाला वेळ लागतो. तालमीत डॉरीनबाईंनी ते थांबणं जपून ठेवलं होतं, खऱ्या प्रेक्षकांसाठी. मी काही बोलणार तोच दार उघडून मंडळी आत आली. काही काळजी करू नका बाई, आमचेही विसरतात, असं जो तो त्यांना समजावू लागला. सावंत माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, आज तुमी होतात म्हणान वाचलव." मी तोंड उघडलं, आणि बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "हो. मेधाने मला वाचवलं."

चाळीस वर्षं सांभाळलेली एकच गोष्ट त्या बाईने माझ्यासाठी सगळ्यांदेखत सोडून दिली. आणि मी? पुढच्या महिन्यात मंडळाने प्रसंगावधानाबद्दल मला शाल-श्रीफळ दिलं आणि मी ते घेतलं. समोर बाई टाळ्या वाजवत होत्या. घरी आल्यावर मी त्या शालीकडे बघू शकले नाही, पण तेव्हाच ग्रुपवर दोन ओळी लिहाव्यात एवढं धाडसही माझं झालं नाही. वर्षभरात रॉनचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दोघं ॲडलेडला परतली. दर दिवाळीला मी फोन करायची. बाई बोलता बोलता थांबल्या की शेजारून रॉन पुढचा शब्द द्यायचे. "मी परवा त्या..." "बागेत," रॉन म्हणायचे. "हो, बागेत," बाई म्हणायच्या. मला वाटायचं, वय झालं, आता खरंच विसरत असतील. खरं सांगायचं तर असं वाटून मला जरा हलकंही व्हायचं, आणि याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

बातमीच्या तिसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. "बाई विसरल्या नव्हत्या. मी घाई केली." मग सावंतांनी लिहिलं की हे तुम्ही पेपरात लिहा वहिनी, त्या दिवशी हॉलमध्ये होते ते सगळे काही या ग्रुपवर नाहीत. म्हणून हा लेख. रॉनना मात्र मी वेगळं पत्र लिहिलं, लांबलचक, इंग्रजीत, माफी मागणारं. त्यांना हे आधीच माहीत असणार अशी माझी खात्री होती. नवऱ्याला तरी बाईंनी सांगितलंच असेल ना.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. त्यांचा आवाज फार थकलेला होता. ते म्हणाले की त्या दिवशी गाडीत बसल्याबरोबर त्यांनी विचारलं होतं, काय झालं डॉरीन, विसरलीस? आणि ती म्हणाली होती, हो, विसरले. "मी सगळ्यांना सांगत सुटलो असतो ना, की माझी बायको विसरत नाही. मला ओळखून होती ती." एवढं बोलून ते गप्प झाले. फोन कट झाला असं वाटण्याइतका वेळ गेला. मी ओठ आवळून बसले, आणि ते मला किती जड गेलं हे मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. मग रॉन म्हणाले, "म्हणजे ती बोलताना थांबायची तेव्हा... सहा वर्षं मी तिचे शब्द बोलत होतो, मेधा. आणि तिने मला एकदाही अडवलं नाही."