पाथर्डीच्या उन्हातलं हार्ट

परवा भाचीनं मोबाईल माझ्यावर रोखला आणि पडद्यावर माझ्याच छातीत हृदय धडधडायला लागलं, शेजारी इंग्रजी नावं. म्हटलं, "बाई गं, हे मी नव्वदच्या दशकात पाहिलंय, पाथर्डीकडे, तेही बिनविजेचं!" म्हणून ही जुनी सहल.

माझी मैत्रीण कुंदा तिकडे एका खेड्यात विज्ञान शिकवायची, तेही इंग्रजीतून. 'येऊन तर बघ' असा तिनं तगादाच लावला, तेव्हा दिवाळीनंतर नगरहून एसटी धरली. करंजी घाटात हाडं खिळखिळी झाली. तिसगावला गरम भजी मिळाली आणि राग पळाला. पाथर्डीहून पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरीच ठेवून या.

शाळेत वीज नव्हती. कुंदानं खिडकीच्या उतरवलेल्या काचेवर काळ्या रंगानं हृदय, फुप्फुसं आणि त्यांची इंग्रजी नावं रंगवली होती. पोराला उन्हात उभं करायचं, पुढे काच धरायची, की सावली बरोब्बर सदऱ्यावर! "लंग्ज! हार्ट!" वर्ग ओरडायचा. मी थक्कच झाले.

सगळ्यात मोठा आवाज सातवीतल्या संगीताचा. आणि दुसऱ्या दिवशी तीच निघणार होती. आईबाप ऊसतोडीला गेले की थोरल्या लेकीनं सोबत जाऊन तान्ह्याला सांभाळायचं, ही तिकडची रीत. गेली की शाळा सुटली, बहुधा कायमची. कुंदाचा जीव तुटत होता.

तेवढ्यात कडेवर बाळ घेऊन संगीताची आईच आली. "चल गं, बोचकी बांधायचीत."

"आये, जरा हितं उभी ऱ्हा की!" संगीतानं काच धरली. आईच्या फिक्या पातळावर सावली पडली. "ह्ये हार्ट. तुजं काळीज."

"माज्या काळजाला विंग्रजी नाव हाय व्हय?" आई हसली. मग सावलीवर हात ठेवून लेकीकडे बघत राहिली.

"बाई, ही हितं मावशीकडं ऱ्हाईल. लक्ष ठिवा. तिच्या बापाला मी बघते."

"आन् बाळ?" संगीतानं विचारलं.

"पाठीला बांधीन. तू शीक."

दुसऱ्या दिवशी परतताना घाटात ऊसतोडीचा ट्रक आमच्या एसटीपुढे अडकला. वर बोचकी, भांडी, आणि पाठीला बाळ बांधलेली संगीताची आई. संगीता नव्हती. मला ओळखून तिनं छातीवर हात ठेवला आणि ओरडली, "हार्ट!" मला रडू आलं आणि हसूही.

घरी येताच मी स्वयंपाकघराच्या खिडकीची काच उतरवली. नवरा म्हणाला, "वेड लागलं का?" "व्हय," म्हटलं.

ती रंगवलेली काच अजून आहे. परवा भाचीला उन्हात उभं करून तिच्यापुढे धरली. मोबाईल बाजूला ठेवून ती म्हणाली, "ती संगीता शिकली का गं पुढे?"

शिकली. आईनं बाळ पाठीला बांधून ऊस तोडला, म्हणून.