नाना शेवटी बोलणार

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. जळगावच्या एका जिनिंग कारखान्यात मी कापूस खरेदीला होतो. खरेदीला म्हणायचं इतकंच. खरेदी करत होते नाना. आम्ही तिघं त्यांच्या मागे उभे राहून माना डोलवायचो.

नाना धुळ्याकडचे. बैलगाडी फाटकातून आत आली की ते कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचे, मधली मूठ बाहेर काढायचे, त्यातली एक सरकी दाढेखाली धरायचे. ‘कट्’ असा आवाज आला की माल कोरडा. नाही आला तर गाडी परत. ओला कापूस गंजीत गेला तर आतून तापतो, पिवळा पडतो आणि शेजारचा चांगला मालही घेऊन बुडतो.

त्या वर्षी दिवाळीत कारखान्याचे शेठ म्हणाले, “आखाजीला नाना घरी बसणार. तोवर तुम्ही तयार झालात तर ठीक. नाहीतर बाहेरून पारखी आणतो, तुम्ही तिघं वजनकाट्यावर.” आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; हातात सहा महिने होते. मला तिशी उलटली होती. काट्यावरूनच मी वर आलो होतो आणि पुन्हा तिथे जायची माझी मुळीच तयारी नव्हती.

मी एक वही सुरू केली. नाना काय करतात ते पंधरा दिवस लिहून काढलं. उपयोग शून्य. ओलं कसं ओळखता, असं विचारलं की नाना हसायचे. “हातले समजस रे भाऊ, तोंडले सांगता येत नही.” माझं डोकं फिरलं. वही मी कोनाड्यात टाकली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, “आजपासून आधी आम्ही तिघं बोलणार. नाना, तुम्ही शेवटी.”

“मंग मी काय मुका बसू?”

“हो. बसा.”

नाना चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण नियम पाळला.

आम्ही सपाटून चुकलो. एकदा सकाळी सकाळी जामनेरची गाडी आली. मी हात घातला, बर्फासारखा गार लागला. “ओला,” मी ठणकावलं. म्हाताऱ्या शेतकऱ्याने बैल वळवले. नाना धोतर सावरत त्याच्यामागे धावले आणि गाडी परत आणली. मग माझ्यावर उखडले, “गाडी रातभर थंडीमा चालनी. थंडा शे, वला नही!” त्यांनी मूठभर कापूस माझ्या काखेत दाबून धरायला लावला. कोरडा कापूस लगेच ऊब धरतो. त्या म्हाताऱ्याची मला सगळ्यांदेखत माफी मागायला लावली. लाज वाटली, रागही आला. पण काखेतली मूठ मी पुन्हा विसरलो नाही.

संक्रांतीनंतर आमच्या चुका थांबल्या. आम्ही सांगायचो, नाना सरकी तोंडात टाकून म्हणायचे, “बराबर.” आम्ही मनातल्या मनात मिशांना पीळ देत होतो.

होळीच्या सुमारास पाचोऱ्याची गाडी आली. माझे दोघं सोबती म्हणाले कोरडा. मी म्हणालो ओला. मतं फुटण्याची ती पहिलीच वेळ. सगळे नानांकडे बघू लागले. नानांनी सरकी तोंडात टाकली, बराच वेळ जबडा हलवला आणि थुंकली. मी शेजारीच होतो. आवाज आलाच नव्हता. ओली सरकी चेचली जाते, पण जमिनीवर पडलेली ही सरकी अख्खी होती, दाताचा साधा ओरखडाही नव्हता. ‘कट्’ असा आवाज आपण कितीतरी दिवसांत ऐकलेला नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा माणूस, जायला जेमतेम दीड महिना उरलेला. मी ती सरकी पायाखाली घेतली आणि मोठ्याने म्हणालो, “ओलाच आहे. नानाही तेच म्हणताहेत.”

“नही,” नाना माझ्याकडे बोट करून म्हणाले. “मी काहीच सांगेल नही. हाऊ सांगी ऱ्हायना.” मग बोटाने गाल ओढून सगळ्यांना तोंड दाखवलं. मागे नुसत्या हिरड्या होत्या. “संक्रांतलेच गयात दाढा. हातबी बधिर व्हयना. तवयपाईन बठ्ठा कापूस तुम्हीच लेतस. मी नुसती मान हालावस.”

म्हणजे संक्रांतीपासून सगळा कापूस आम्हीच घेत होतो. मी ज्या परीक्षेला घाबरत होतो, ती दोन महिने रोज देत होतो, आणि तपासायला कुणीच नव्हतं.

“मग काय ठरलं?” गाडीवाल्याने विचारलं. तो नानांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी पुन्हा कोपरापर्यंत हात घातला, मूठ काखेत धरली, सरकी चावली. ती मऊ चेचली गेली.

“ओला आहे,” मी म्हणालो. “दोन दिवस उन्हात पसरा आणि घेऊन या. मी घेतो.”

नाना गाडीच्या जुवावर टेकले होते. सवयीने म्हणाले, “बराबर.”